मधल्या सुट्टीतलं दार

९ जानेवारी

ही वही शाळेतल्या समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून. नाहीतर मला कुठली लिहायची हौस!

सकाळी शाळेतून फोन आला, मुलासाठी दुसरी पँट घेऊन या. पुढच्या खोलीतल्या माझ्या पार्लरमध्ये एका बाईंच्या केसांना रंग लावत होते. अर्धं डोकं तसंच सोडून पळाले. ऑफिसच्या बाकावर टिल्लू बसलेला, कमरेला कुणाचा तरी स्वेटर गुंडाळून. सातवीतला मुलगा, आणि भर वर्गात पँट ओली झाली. मला बघितलं आणि मान खाली घातली, ती वर केलीच नाही. 

समुपदेशक बाई म्हणजे तशी पोरगीच, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. म्हणाली, मधल्या सुट्टीत तीन मुलं याला बाथरूममध्ये जाऊ देत नाहीत, म्हणून हा दिवसभर पाणीच पीत नाही, आणि आज सगळं हाताबाहेर गेलं. केमिस्टचा मुलगा त्यांचा म्होरक्या. मग मला धडे सुरू. जे घडेल ते तारखेनिशी लिहा. तो बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका. त्याला विचारल्याशिवाय कुठलंही पाऊल उचलू नका. आणि तो सांगेल ते घरातच राहू द्या.

मला हसूच आलं. अगं, ऐकून घेणं मला शिकवतेस? माझ्या खुर्चीत बसून बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते मला सांगतात. तोंडावर "हो हो" म्हटलं आणि पोराला घेऊन आले.

१० जानेवारी

बोलला. चहाचा कप हातात दिला, शेजारी बसले, गप्प राहिले. (गप्प राहणं मला किती जड जातं ते माझं मला माहीत.)

केमिस्टचा तो लांबट्या दारात आडवा उभा राहतो. आत जायचं तर गुडघ्यावर बसून "साहेब, परवानगी द्या" म्हणायचं. बाकीचे दोघे हसतात. एकदा हा बसला. मग रोज बसवायला लागले, म्हणून याने जाणंच सोडलं. सांगताना रडला नाही. मीच रडले.

मग अगदी हळू म्हणाला, "आई, परवा गादीपण ओली झाली होती. मी चादर उलटी टाकली." मला ते कळलंच होतं. म्हटलं, "असू दे रे, चादरीखाली प्लास्टिक घालू, कुणाला कळणार नाही."

"कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

"बाबांना?"

"बाबांना चालेल. बाकी कुणालाच नाही."

"मी काय वेडी आहे का?" म्हटलं आणि डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

१४ जानेवारी

शाळेत मीटिंग झाली. त्या तिघांना समज दिली म्हणे. समज! लांबट्याची आई नाकाने कांदे सोलत बसली होती. "मुलं मस्करी करतात हो, तुमचा जरा हळवा आहे." तिथेच तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. आमचे हे लिफ्ट दुरुस्तीची कामं अर्धवट टाकून आले होते, पण मीटिंगभर तोंडातून चकार शब्द नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "टिल्लूला विचारलंस का, त्याला ही मीटिंग हवी होती का?" घ्या! म्हणजे मी तक्रारही करायची नाही?

संध्याकाळी बँकेतल्या बाई आल्या होत्या भुवया करायला. माझा चेहराच बघून म्हणाल्या, "काय झालंय?" इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांच्यापासून काय लपवायचं. शिवाय आमच्या धंद्याची रीतच ती. मला जिने काम शिकवलं, ती म्हणायची, गिऱ्हाइकाला आपलं एखादं दुखणं द्यावं, मग ते आपली चार दुखणी देतं आणि पुढच्या महिन्यात परत येतं. खरं आहे ते. नुसत्या दोऱ्याच्या कौशल्यावर पार्लर चालत नाही. थोडक्यात सांगितलं त्यांना. मनावरचं ओझं उतरलं. वर हसत म्हटलंसुद्धा, "आता या वयात डायपर आणायचा तेवढा राहिलाय बघा." दोघी हसलो. त्यांच्या पोटात राहतं, अगदी शब्दाच्या पक्क्या आहेत.

२५ जानेवारी

मधले दिवस बरे गेले म्हणून लिहिलं नाही. प्लास्टिक कालपासून काढून टाकलंय, गरजच पडत नाही.

आज चष्मू राहायला आलाय. टिल्लूचा एकुलता एक मित्र. आई इस्पितळात सिस्टर आहे, तिची ड्यूटी होती. दोघांनी मिळून पुठ्ठ्याचा पूल बनवला, माझा डिंक संपवला, केसांना लावायच्या क्लिपा पुलाला लावल्या. दोघांचं हसणं पुढच्या खोलीपर्यंत येत होतं. गिऱ्हाइकं विचारत होती, काय चाललंय आत? कितीतरी दिवसांनी हे घर घरासारखं वाटलं.

जेवताना टिल्लू म्हणाला, मधल्या सुट्टीत चष्मू त्याच्याबरोबर बाथरूमपर्यंत येतो आणि तो बाहेर पडेपर्यंत दाराशी उभा राहतो. चष्मू म्हणे, "त्यात काय काकू, मलाही जायचंच असतं." त्याच्या कोपराला भलंमोठं खरचटलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाला, पडलो. धांदरट आहे जरा. मी औषध लावून दिलं. असो. एकूण मीटिंगचा उपयोग झाला तर. यांना म्हटलं, "बघितलंत? तोंड उघडलं की काम होतं."

२९ जानेवारी

 अक्षर कसंही येऊ दे.

आज टिल्लूच्या बाकावर डायपर ठेवला होता. मोठ्या माणसांचा. वर त्याचं नाव. अख्खा वर्ग हसत होता, मागच्या रांगेतल्या मुलीसुद्धा. "रात्री हेच घालून झोपतोस ना?"

डायपर! आमच्या घरात डायपर कधी आलाच नाही. पण गादीचं? गादीचं त्यांना कसं कळलं? घरातली गोष्ट शाळेत गेलीच कशी? टिल्लू माझ्याकडे नुसता बघत राहिला.

हे म्हणाले, "तू कुणाजवळ काही बोललीस का?"

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मी? शपथ घेतलीये मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून! लांबट्याच्या आईला फाडून खायचं सोडून बायकोवर संशय?" बरीच बोलले. ते उठून गच्चीवर गेले, पाण्याची टाकी बघायला. टाकीला काहीही झालेलं नव्हतं.

मग एकदम डोक्यात आलं. चष्मू. तोच राहायला आला होता. प्लास्टिक धुऊन दोरीवर टाकलं होतं, ते त्यानेच बघितलं असणार. आणि ते खोटं साळसूद तोंड! टिल्लू मागून ओरडत होता, "आई, नको जाऊ, तो नाही सांगणार, आई!" पण मी गेलेच. सिस्टर नुकती ड्यूटीवरून आली होती. जिन्यातच उभं करून सुनावलं. आमच्या घरी जेवतो, आमच्या गादीवर झोपतो आणि बाहेर जाऊन चहाड्या करतो, हेच शिकवलंत का? वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. उघडू देत. चष्मू आईच्या मागे उभा होता. एक शब्द बोलला नाही. खरा असता तर बोलला नसता का?

घरी आले तर टिल्लूने आतून कडी लावली होती. राग येणारच. मित्र होता ना. पण उद्या कळेल त्याला, आई कुणासाठी भांडली ते.

३ फेब्रुवारी

सोमवार, पार्लर बंद. चष्मूने जागा बदलली म्हणे, पुढच्या बाकावर गेला. बरं झालं, पीडा गेली.

टिल्लूचं डोकं दुखतंय, ओठ सुकलेत. पाण्याची बाटली भरलेली नेली, भरलेलीच परत आणली. थंडीमुळे तहान लागत नसेल. संत्री आणून ठेवली.

७ फेब्रुवारी

आज आनंदाने लिहितेय. टिल्लू आपणहून बोलला! मी टॉवेलच्या घड्या घालत होते, येऊन शेजारी बसला. म्हणाला, "आई, तुला एक सांगू? मला कबुतरांची फार भीती वाटते. पंख फडफडले की छातीत धडधडतं."

म्हटलं, "अरे, मला कसं माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही. फक्त तुला सांगतोय. कुणाला सांगू नकोस हं."

त्याला जवळ घेतलं. मला वाटलं होतं, त्या दिवसाच्या भांडणानंतर पोरगं तुटलं. नाही तुटलं. आईजवळच आलं शेवटी. त्या समुपदेशक पोरीला जाऊन सांगावंसं वाटलं, बघ, मुलं अशी बोलतात!

दुपारी बँकेतल्या बाई आणि अजून दोघी होत्या. एकीचं रडगाणं सुरू होतं की तिची मुलगी घरात तोंडच उघडत नाही. मी म्हटलं, "माझ्या मुलाचं तसं नाही. कबुतरांना घाबरतो, ते सुद्धा मला येऊन सांगितलं." तिघीही म्हणाल्या, नशीबवान आहात. आहेच मी.

१३ फेब्रुवारी

दप्तरात कबुतराची पिसं. पुस्तकांत, डब्यात, कंपासपेटीत. डबा उघडला तर ब्रेडवर मळकं पीस चिकटलेलं.  आता हे कुठून कळलं त्या राक्षसांना?

आणि टिल्लू! मला वाटलं घाबरून अर्धमेला झाला असेल. तर तो जमिनीवर मांडी घालून एकेक पीस काढून कागदावर ठेवत होता. हातसुद्धा कापत नव्हता. शेवटी म्हणाला, "आई, चष्मू तर आता माझ्याशी बोलतही नाही."

म्हटलं, "पाळत ठेवत असेल मेला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग कागदाची पुडी बांधून टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेला. हे आतल्या खोलीतून सगळं बघत होते. टिल्लू गेल्यावर ते पुडीपाशी आले, ती उघडली, परत बांधली. मी विचारलं, काय? म्हणाले, काही नाही. या घरातल्या पुरुषांचं काय बिनसलंय कळत नाही.

१८ फेब्रुवारी

आज एक नवं गिऱ्हाईक आलं. स्टेशनपलीकडे राहतात, पहिल्यांदाच आल्या. केस कापायचे होते. बोलक्या होत्या. मुलगी टिल्लूच्याच शाळेत, चौथीत.

आरशात माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या शाळेतलं ऐकलंत का? सातवीतला एक मुलगा रात्री डायपर घालतो. कबुतर दिसलं तरी किंचाळतो. फार लाडावून ठेवलाय."

म्हटलं, "मुलं काहीही उठवतात."

"नाही हो, मुलांनी नाही उठवलं. त्याची आईच सांगते सगळ्यांना. पार्लर आहे म्हणे तिचं. बँकेतल्या एका बाईंच्या बहिणीने सांगितलं मला, ती केमिस्टच्या इमारतीतच राहते. स्वतःच्या पोराबद्दल असं कोणी सांगतं का हो? ओळखता का तुम्ही तिला?"

कात्री हातात तशीच राहिली. 

मी म्हटलं, "नाही."

मग मागचे केस सरळ केले, मानेवरची पावडर झटकली, आरसा धरून मागची बाजू दाखवली. छान झालेत म्हणाल्या. पैसे देऊन गेल्या.

टिल्लू अभ्यास करत होता. दारात उभी राहिले. म्हटलं, "कबुतरांची भीती कधीपासून वाटते तुला?"

वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "नाही वाटत. कधीच नव्हती वाटत."

"मग मला का—"

"फक्त तुला सांगितलं होतं. बाबांनाही नाही. चष्मूला तर कसं सांगणार? ते शाळेत येतं का ते बघायचं होतं. आलं."

मी म्हटलं, "मला तोंडावर विचारायचंस ना!"

"बाबांनी विचारलं होतं," तो म्हणाला. "तू किती ओरडलीस."

 मग तो म्हणाला, "आता चष्मूच्या आईला जाऊन सांग, की त्याने नाही सांगितलं. म्हणून केलं मी ते. पिसं येणार ते मला माहीत नव्हतं, पण चालतंय. तू सांग फक्त."

१९ फेब्रुवारी

सकाळीच बँकेतल्या बाईंना फोन लावला. जे तोंडाला आलं ते बोलले. शांतपणे म्हणाल्या, "गुपित आहे असं म्हणाला होतात का तुम्ही? तुम्ही मला हसत सांगितलंत, मी बहिणीला हसत सांगितलं. डायपरचं तर तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणाले होते का मी? या वहीत मागे जाऊन बघितलं. म्हणाले होते.

मग सिस्टरकडे. त्याच जिन्यात. तिने आत या म्हटलं नाही. मी हात जोडले. म्हटलं, "चूक माझी होती. तुमच्या मुलाने काही सांगितलं नव्हतं. त्या दोघांना परत एकत्र बसू दे."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ही मला फाडून खाणार, आणि तसं केलं असतं तर बरंही वाटलं असतं. ती म्हणाली, "तुमच्या मुलासाठी दाराशी उभा राहायचा म्हणून माझा मुलगा मार खात होता. कोपर, गुडघे, एकदा डोकं. मला म्हणायचा, आई, तू शाळेत जाऊ नकोस, मग ते टिल्लूला आणखी त्रास देतील. मी नाही गेले. त्याने नको म्हटलं म्हणून नाही गेले. आणि तुम्ही सगळ्या जिन्यासमोर त्याला चहाडखोर म्हणालात."

"मी त्याची माफी मागते. बोलवा त्याला."

"तो हल्ली त्या लांबट्याबरोबर डबा खातो. मला आवडत नाही. पण आता त्याला कोणी मारत नाही."

आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

घरी आले तर टिल्लू फाटकापाशी उभा होता. माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता आत गेला.

२६ फेब्रुवारी

पार्लरमध्ये तोंडाला कुलूप. बायका विचारतात, बरं नाही का? एकीने दुसरं पार्लर शोधलं. इथे अगदी स्मशान झालंय म्हणाली. शोधू दे.

बोलायचं तर काय बोलू? मला दुसरं येतच नाही. आई आहे मी त्याची, वैरीण नाही. जगातल्या सगळ्या आया आपल्या मुलांबद्दल बोलतात. एक माझंच बोलणं विषारी निघालं. लांबट्याला कोणी काही म्हणणार नाही. त्याच्या आईला कोणी काही म्हणणार नाही. दोघं सुखाने झोपतात. हे असं वाटतं आणि मग चष्मूचं कोपर आठवतं, त्याला लावलेलं औषध. मीच लावलं होतं ना. विचारलं का नाही पुढे? तो म्हणाला पडलो, आणि मी विश्वास ठेवला. स्वतःच्या पोराला मात्र खोदून खोदून विचारते.

४ मार्च

आज कळलं की टिल्लूची तुकडी बदलली. ते पण वर्गशिक्षिकेकडून, रस्त्यात भेटल्या तेव्हा. टिल्लू स्वतः समुपदेशक बाईंकडे गेला, मग आमच्या यांना बोलावून घेतलं, यांनी सही केली. सगळं होऊन आठवडा झालाय.

जेवताना भांडले. "मी कोण आहे या घरात?"

हे म्हणाले, "त्याने मला विचारलं, आईला सांगावंच लागेल का? मी म्हटलं, तू ठरव." मग म्हणाले, "तुला दुखवायचं नव्हतं त्याला."

टिल्लू मान खाली घालून जेवत होता. जेवला तेवढं जेवला आणि ताट उचलून धुऊन ठेवलं. हल्ली स्वतःचं सगळं स्वतः करतो. चादरसुद्धा स्वतः धुतो. मी दोरीवर बघते, पण विचारत नाही.

१० मार्च

सोमवार. सकाळपासून पार्लर झाडलं, आरसे पुसले, ब्रश धुतले, वेळ जाईना.

टिल्लू शाळेतून आला तर ओठ फुटलेला. शर्टावर रक्ताचे डाग, ते पाण्याने धुवायचा प्रयत्न केलेला.  पण धावले नाही. ठरवलं होतं ना. हळू गेले, खाली बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आले. आवाज चढवला नाही.

म्हटलं, "टिल्लू, कोणी केलं हे? मला सांग. मी मध्ये बोलणार नाही. तू म्हणशील तसंच करेन, तू काही करू नको म्हणालास तर काहीही करणार नाही. फक्त सांग रे राजा."

माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलला, वाटलं, बोलणार आता. मग त्याने पुढच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"कोणी नाहीये," मी घाईने म्हटलं. "बघ हवं तर. आज बंद ना. एकही गिऱ्हाईक नाही."

"हो," टिल्लू म्हणाला. "उद्या येतील ना."

आणि फ्रीज उघडून बर्फ स्वतःच काढून घेतला.